चीनवर पीएचडी करायची म्हणतेस, तर आधी भाषेचं बोलू

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल बोलतोय. सोलापूरची मुलगी आहे, टीवाय बीएला, विषय पॉलिटिकल सायन्स. वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर. तिला आजच्या चीनच्या राजकारणाचा आणि तिथल्या समाजाचा अभ्यास करायचाय, पीएचडी करून पुढं शिकवायचंय. चिनी भाषेचं एक अक्षर येत नाही. घरचे म्हणतायत एमपीएससी दे नाहीतर बीएड कर. आणि तिनं विचारलंय की यात करिअर आहे का, चीनला नीट जाताच येत नसेल तर अभ्यास होणार कसा, आणि सोलापुरात बसून सुरुवात कुठून करायची.

तुला तू म्हणते, माझ्या विद्यार्थिनींच्याच वयाची आहेस. मी पण सोलापूरचीच, पूर्वभागातली. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी कन्नड आणि दखनी असं ऐकत वाढले. 1998 ला इथूनच बीए करून कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्लीला गेले आणि तेव्हापासून हेच करतेय, आधी शिकले, मग शिकवायला लागले. त्यामुळं जे सांगते ते माझ्या अनुभवातलं, आणि माझा काळ आणि तुझा काळ वेगळा आहे हे धरूनच वाच.

तू 'स्कोप आहे का' असं विचारलंयस, पण मला वाटतं खरा प्रश्न दुसराच आहे. पगार मिळायच्या आधी सहा-सात वर्षं एका अवघड भाषेला द्यायची तुझी तयारी आहे का, आणि घरची परिस्थिती तेवढी वर्षं धीर धरू शकेल का, हा तो प्रश्न. याचं उत्तर मी देऊ शकत नाही. घरात कर्ज किती आहे, धाकटं कोणी शिकतंय का, लग्नाचा दबाव किती आहे, यावर ते ठरतं आणि ते तुलाच माहीत. पण या विषयात टिकलेली आणि मधेच सोडून गेलेली अशी पन्नास-साठ तरी पोरं मी जवळून बघितलीयेत आणि टिकणाऱ्यांच्यात हुशारीपेक्षा एकच गोष्ट सारखी दिसली, त्यांनी भाषा आधी केली. बाकी सगळे म्हणायचे आधी ॲडमिशन होऊ दे, मग विषय ठरू दे, मग भाषा बघू. ते 'बघू' कधी येत नाही.

भाषा कशासाठी, इंग्रजीत सगळं मिळतं की, असं तुला कोणी ना कोणी सांगणारच. मिळतं, खूप मिळतं, पण ते कोणीतरी निवडून दिलेलं असतं. चीनच्या कम्युनिस्ट पक्षाचा कारभार शब्दांवर चालतो. कुठला शब्दप्रयोग यंदा आला, कुठला गेला, कुठला पहिल्या पानावरून चौथ्यावर सरकला, हे बघून खालचे अधिकारी आपलं काम ठरवतात. याला त्यांच्याकडं 'थीफा' म्हणतात, म्हणजे एखादी गोष्ट मांडायची ठरलेली पद्धत. इंग्रजी भाषांतरात दोन वेगळे शब्द एकाच शब्दात गुंडाळले जातात आणि बदल झाला हेच कळत नाही. साधं उदाहरण घे, 'लाओपाइशिंग'. शब्दशः अर्थ होतो जुनी शंभर आडनावं, आणि त्यातून निघतो सामान्य माणूस, आपण रयत म्हणायचो तसं. त्यात जो आपलेपणा आहे आणि जी वर बसलेल्यानं खाली बघण्याची सवय आहे, ती दोन्ही 'पब्लिक' म्हटल्यावर निघून जातात. पक्षाची माणसं हा शब्द कुठं वापरतात आणि 'जनता' हा औपचारिक शब्द कुठं वापरतात, यावर एक अख्खा शोधनिबंध होऊ शकतो.

आता चांगली बातमी. मराठी बोलणाऱ्याला चिनी उच्चार इंग्रजी बोलणाऱ्यापेक्षा सोपे जातात आणि हे मला कुठल्याच पुस्तकानं सांगितलं नव्हतं. प-फ, त-थ, क-ख हा फरक चिनीत नेमका तसाच आहे, आणि रोमन लिपीत ते बी-पी, डी-टी, जी-के असं लिहितात म्हणून सगळं जग घोटाळ्यात पडतं. शिवाय आपल्याकडं 'चार' मधला च वेगळा आणि 'चारा' मधला च वेगळा, चिंचेतला वेगळा आणि चाकातला वेगळा. चिनीत हे दोन्ही आहेत आणि वेगवेगळे धरले जातात. आपण ज्याला बीजिंग म्हणतो ते खरं पेइचिंगच्या जवळ जातं, चिंचेतला च. हिंदीवाल्या पोरांना हा फरक शिकवायला मला कष्ट पडतात, सोलापूर-लातूरकडची पोरं दुसऱ्या दिवशी बरोबर बोलतात. म्हणून मराठीची लाज वाटू देऊ नकोस, या कामात ती तुझी जमेची बाजू आहे.

त्रास होतो तो सुरांचा. चार सूर असतात आणि सूर बदलला की शब्द बदलतो. 'माइ' तिसऱ्या सुरात म्हटलं तर विकत घेणं, चौथ्या सुरात म्हटलं तर विकणं. लिहितानासुद्धा त्या दोन अक्षरांत फरक एवढाच की विकण्याच्या अक्षराच्या डोक्यावर बेरजेच्या खुणेसारखं एक चिन्ह जास्तीचं आहे. बाजारपेठेवर काम करणाऱ्या माणसानं इथं चूक केली तर मुलाखतच उलटी होते. आणि अक्षरं. चीन सरकारनं 1988 ला नेहमीच्या वापरातल्या अक्षरांची यादी काढली त्यात 3,500 अक्षरं आहेत. घाबरू नको, रोज दहा म्हटलं तरी वर्षभरात तेवढी नजरेखालून जातात, पण विसरणं धरलं तर तीन वर्षं लागतात. माझा अंदाज सांगते, रोज दोन तास न चुकवता दिले तर दोन वर्षांनी साधी बातमी डिक्शनरी घेऊन वाचता येते, पाच वर्षांनी पक्षाचा ठराव डिक्शनरीशिवाय. एचएसके म्हणून चिनी भाषेची परीक्षा असते. जुन्या पद्धतीत तिच्या सहा पायऱ्या होत्या आणि चौथ्या पायरीला 1,200 शब्द, पाचवीला 2,500. संशोधनाला हात घालायचा तर पाचवी हा खालचा उंबरठा समज. चौथी पास झाल्यावर आपल्याला येतं असं वाटायला लागतं, ती अवस्था फसवी असते.

दुसरी गोष्ट विषयाची. दरवर्षी इंटरव्ह्यूला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना भारत-चीन संबंधांवरच काम करायचं असतं, सीमा, बेल्ट अँड रोड, हिंदी महासागर. महत्त्वाचे विषय आहेत, नाही म्हणत नाही, पण त्यासाठी दिल्लीत माणसं पुष्कळ आहेत आणि त्यातले निम्मे चिनी न वाचता लिहितात. चीनच्या आत काय चाललंय, तिथला तालुक्याचा अधिकारी कशाला भितो, कामगार पोराला कुठल्या शाळेत घालतो, पोरं लग्न का करत नाहीत, यावर बोलणारे आपल्या देशात हातावर मोजण्याइतके. आणि हे समजल्याशिवाय सीमेवरचंसुद्धा पूर्ण समजत नाही असं माझं ठाम मत आहे.

विषय कसा निवडावा तर आपल्याला जे हातानं माहीत आहे तिथून. माझंच सांगते. माझे वडील, नायना म्हणायचो आम्ही, मागावर होते. 2004 मध्ये मी बीजिंगला भाषा शिकायला एक वर्ष गेले, तेव्हा डोक्यात मोठमोठे विषय होते, पक्षाची विचारधारा वगैरे. तिथं एका बाईनं हात पुसायला टॉवेल दिला आणि मी सवयीनं उलटा करून त्याची वीण बघितली, तशी ती म्हणाली हा गाओयांगचा. हेबेई प्रांतात बाओडिंग म्हणून जिल्हा आहे बीजिंगच्या दक्षिणेला, त्यातला हा तालुका, टॉवेलसाठी चीनभर प्रसिद्ध. आणि त्याच बाओडिंग जिल्ह्यात तांग म्हणून दुसरा तालुका आहे जिथं आपले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस राहिले, तिथंच 9 डिसेंबर 1942 ला वयाच्या 32 व्या वर्षी गेले. सोलापुरात 1910 साली जन्मलेला माणूस, 1938 ला पाच डॉक्टरांच्या पथकातून गेला आणि परत आला नाही. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक तू शाळेच्या सहलीला बघितलंच असशील. म्हणजे आपल्या गावाचे दोन धागे, टॉवेल आणि कोटणीस, चीनच्या एकाच जिल्ह्यात जाऊन पोचतात. हे नकाशावर बघितलं त्या दिवशी माझा विषय ठरला.

2006-07 ला मी तिथं चार महिने काढले. सोलापूर कुणालाच माहीत नव्हतं, पण 'ख तीहुआ' म्हटलं, म्हणजे कोटणीसांचं चिनी नाव, की म्हातारी माणसं खुर्ची पुढं करायची. तांग तालुक्यात त्यांचं आणि कॅनडाच्या डॉक्टर बेथ्यून यांचं एकत्र स्मारक आहे. कोटणीसांच्या मुलाचं नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन, हे तिथल्या शाळकरी पोरांनी मला सांगितलं. पण एक गोष्ट तेव्हा नीट समजली. नावामुळं दार उघडायचं, आत बसल्यावर मात्र पाच मिनिटांत लोक बघायचे हिला आपलं बोलणं कळतंय का. कोटणीससुद्धा चिनी शिकले होते, चिनीतून विद्यार्थ्यांना शिकवायचे, म्हणूनच ते तिथले झाले.

तिथं घराघरात माग होते, अंगणात सूत, हवेत तंतू, तो आवाज अगदी आपल्या घरकुल-नीलमनगरसारखा. मागाचा कुठला भाग बिघडलाय हे मला आवाजावरून कळायचं आणि मालक लोक त्यामुळं मोकळं बोलायला लागले. त्या वर्षी अजून एक मोठी गोष्ट झाली होती, 1 जानेवारी 2006 पासून चीननं शेतसारा रद्द केला. शेकडो वर्षांचा कर गेला. लोक खुश होते, पण खेड्यातल्या पक्षाच्या माणसाला विचारलं तर तो चिंतेत, कारण गावाचा खर्च आता वरून येणाऱ्या पैशावर अवलंबून राहणार होता. पुस्तकात 'केंद्र-स्थानिक वित्तीय संबंध' असं जे धडे असतात ते मला त्या एका माणसाच्या चेहऱ्यावरून कळले.

परत गेले 2016 ला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला केंद्राच्या पर्यावरण तपासणी पथकांची पहिली, चाचणीची फेरी हेबेईतच झाली होती. दहा वर्षांपूर्वी ज्यांचं रंगाचं पाणी सरळ ओढ्यात जायचं आणि कोणी विचारत नव्हतं, ती काही डाईंग युनिटं बंद. आता अभ्यासकाचा प्रश्न काय, तर प्रदूषण वाईट आहे की नाही हा नाही. प्रश्न हा की दहा वर्षं डोळेझाक करणारा अधिकारी एका महिन्यात एवढा कडक का झाला. उत्तर त्याच्या प्रमोशनमध्ये आहे. तिथं अधिकाऱ्याला टार्गेट असतात आणि गुण असतात, पूर्वी सगळा भर उत्पादन वाढण्यावर होता. नंतर पर्यावरण हा असा विषय झाला की त्यात नापास झाला की बाकीचे सगळे गुण वाया, 'एका मतानं नकार' अशा अर्थाचा शब्द आहे त्यांच्यात. म्हणून माणूस तोच, खुर्ची तीच, वागणूक उलटी. आणि लोकांनी पण मार्ग काढलेच, काहींनी रात्री मशीन चालवली, काहींनी शेजारच्या तालुक्यात हलवली. तिथं एक म्हण सारखी ऐकू येते, वर धोरण असतं तर खाली त्यावर तोड असते. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं संशोधन या एका म्हणीच्या अवतीभवती झालंय.

तुझ्यासाठी असा विषय कुठला? मी लादणार नाही, पण उदाहरण देते. चीनमध्ये हुकोऊ नावाची पद्धत आहे, 1958 च्या नियमांपासून. माणसाची नोंद जन्मगावाला बांधलेली. शहरात वीस वर्षं काम केलं तरी पोराची शाळा, दवाखान्याची सवलत, पेन्शन हे सगळं नोंद कुठली यावर ठरतं. आता नियम बरेच सैल झालेत, छोट्या शहरांत नोंद मिळते, पण बीजिंग-शांघायला अजून अवघड. खेड्याची नोंद असलेले पण शेतीबाहेर काम करणारे असे कामगार जवळपास 30 कोटी आहेत, आणि त्यातले जे गाव सोडून गेलेत त्यांच्या आजी-आजोबांकडं ठेवलेल्या पोरांसाठी तिथं वेगळा शब्दच आहे, 'मागं राहिलेली मुलं'. हे वाचलं की मला आपल्या जिल्ह्यात दर हंगामाला येणारी ऊसतोड कुटुंबं दिसतात, ती साखरशाळा, ते रेशनकार्ड गावाकडं राहिलेलं. आपल्याकडं कायद्यानं कुठंही राहता येतं तरी पोरांची शाळा सुटते, त्यांच्याकडं नोंदीनं अडवलंय तरी पोरं शाळेत टिकतात, मग शहर गरिबाला कसं आत घेतं याचं उत्तर नेमकं कशात आहे? हा प्रश्न तू विचारू शकतेस. दिल्लीत वाढलेल्या पोराला तो सुचायला वेळ लागेल.

आता चीनला जाता येत नाही त्याचं. हे अर्धं खरं आहे. 2020 मध्ये आधी कोरोना, मग जूनमध्ये गलवान, आपले 20 जवान गेले, आणि त्यानंतर विमानं, व्हिसा, विद्यापीठांची देवाणघेवाण सगळं थांबलं. थेट विमानं ऑक्टोबर 2025 मध्ये परत सुरू झाली. व्हिसा मिळायला लागलेत. पण माझ्यासारखं चार महिने खेड्यात राहून वाट्टेल त्याच्याशी बोलणं आता धरू नकोस. परदेशी माणसाला तिथं स्वतःच्या जोरावर सर्वे करता येत नाही, मान्यता असलेल्या संस्थेतर्फेच करावा लागतो, स्थानिक विद्यापीठ बरोबर लागतं, आणि 1 जुलै 2023 पासून हेरगिरीविरोधी कायदा जास्त कडक झालाय. तुला बहुधा परत पाठवतील, क्वचित अटकही होऊ शकते, पण तुझ्याशी बोललेल्या माणसाला तिथंच राहायचंय. मी वहीत कधीच खरं नाव लिहिलं नाही, गावाचं नावसुद्धा खुणेनं लिहायचे, आणि वीचॅटवर, म्हणजे त्यांच्या व्हॉट्सॲपवर, राजकारणाचा एक शब्द कोणाला विचारत नाही. हे पहिल्या दिवसापासून अंगात मुरलं पाहिजे, याबाबतीत मी माझ्या विद्यार्थ्यांना सूट देत नाही.

मग बाहेरून अभ्यास होतो का? होतो, पण कष्ट दुप्पट. साधनं आकसतायत हे आधी मान्य करू. चीनच्या शोधनिबंधांचा मोठा डेटाबेस आहे सीएनकेआय, त्यातले प्रबंध आणि सांख्यिकी वार्षिकं एप्रिल 2023 पासून परदेशी वाचकांना मिळेनाशी झाली. कोर्टाचे निकाल 2013 पासून ऑनलाइन टाकत होते, तेही अलीकडं फार कमी टाकतात. हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीत 1963 पासूनचं एक केंद्र होतं जिथं जगभरचे चीन अभ्यासक येऊन जुनी वर्तमानपत्रं चाळत बसायचे, मीही बसलेय, ते आता स्वतंत्र राहिलं नाही, लायब्ररीत विलीन केलं. जून 2023 ला तरुणांची बेकारी 21.3 टक्के निघाली आणि ऑगस्टमध्ये सरकारनं तो आकडा जाहीर करणंच थांबवलं. नंतर जानेवारी 2024 ला नव्या पद्धतीनं सुरू केला, शिकत असलेली पोरं वगळून, आणि आकडा साहजिकच खाली आला.

यावर लोक म्हणतात की बघा, आकडे खोटे, मग अभ्यास कसला. मी उलट म्हणते. कुठला आकडा कधी बंद झाला हीच माहिती आहे. एका सरकारला काय खुपतं हे त्यातून कळतं. आणि आकडे पडताळायचे रस्ते असतात. ली खछियांग, जे नंतर 2013 ते 2023 पंतप्रधान होते, त्यांनी 2007 मध्ये ल्याओनिंग प्रांताचे पक्षसचिव असताना अमेरिकी राजदूताला सांगितल्याचं उघड झालंय की मी विजेचा वापर, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांची कर्जं बघतो. मोठ्या पदावरचा माणूस स्वतःच तसं करत असेल तर आपण का नाही? मी तालुका सरकारांची टेंडरं वाचते. शाळेच्या बाकांचं टेंडर, म्हाताऱ्यांच्या निवासाचं टेंडर, कॅमेऱ्यांचं टेंडर. 2022 पासून चीनची लोकसंख्या घटतेय हे भाषणातून जेवढं कळतं त्यापेक्षा बालवाडी बंद करून तिथं वृद्धांसाठी केंद्र काढायच्या एका नोटिशीतून जास्त कळतं. पण ती नोटीस चिनीत असते. म्हणून परत भाषा.

आणि शेतीत गोडी असेल तर 2004 पासून दरवर्षी वर्षाच्या सुरुवातीला पक्षाचा 'पहिल्या क्रमांकाचा दस्तऐवज' निघतो तो शेती, खेडं आणि शेतकरी यावरच असतो. सलग वीस वर्षांचे वीस दस्तऐवज शेजारी ठेवून फक्त काय बदललं एवढं टिपलं तरी एमएचा उत्तम प्रबंध होतो आणि त्यासाठी सोलापूर सोडावं लागत नाही.

रस्त्याचं थोडक्यात. इथं पॉलिटिकल सायन्सचं बीए पूर्ण कर, त्याच्याबरोबर ऑनलाइन चिनी आजपासून. पुढं सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन जेएनयू किंवा दिल्ली विद्यापीठ. दिल्ली विद्यापीठात ईस्ट एशियन स्टडीजचा विभाग आहे, तिथं भाषेचे सर्टिफिकेट-डिप्लोमाचे कोर्सही चालतात. शांतिनिकेतनचं चीना भवन 1937 पासूनचं आहे, भाषेकडं ओढा असेल तर तेही बघ. भाषेसाठी तैवानची हुआयू स्कॉलरशिप चांगली, खास भाषा शिकायलाच देतात, आणि तैवानचं कार्यालय 2024 पासून मुंबईतही आहे. तिथं जुनी, भरगच्च रेघांची अक्षरं शिकवतात, मुख्य चीनमध्ये 1956 पासून सोपी केलेली. एक आलं की दुसरं दोन-तीन महिन्यांत वाचता येतं. पीएचडीसाठी दिल्लीची इन्स्टिट्यूट ऑफ चायनीज स्टडीज आणि अमेरिकेतली हार्वर्ड-येनचिंग संस्था यांची मिळून फेलोशिप असते. दिल्लीच्याच संस्थेचं 'चायना रिपोर्ट' हे नियतकालिक 1964 पासून निघतंय, लायब्ररीत मिळालं तर जुने अंक चाळ.

पैशाचं आणि नोकरीचं स्पष्ट बोलते. नेट, म्हणजे प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, देऊन जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर महिन्याला 37,000 आणि घरभाडं वेगळं, दोन वर्षांनी 42,000. नुसती नेट झाली, जेआरएफ नाही, तर केंद्रीय विद्यापीठात पीएचडीला 8,000 मिळतात आणि त्यात दिल्ली होत नाही. म्हणून जेआरएफ मिळेपर्यंत दिल्लीत पीएचडीला बसू नको असं माझं सरळ मत आहे. दुसरं, नेट पॉलिटिकल सायन्समधूनच दे. इंटरनॅशनल अँड एरिया स्टडीजची वेगळी नेट असते, ती आपल्या विषयाला जवळची वाटते, पण महाराष्ट्रातल्या कॉलेजात जागा निघते ती राज्यशास्त्राची आणि छाननीला 'संबंधित विषय' यावरून वाद होतो. माझ्याबरोबर झालंय हे. आपल्याच भागातल्या एका कॉलेजात मुलाखतीला बसले, सगळं छान झालं आणि शेवटी सांगितलं की तुमची पदवी चीन या विषयातली आहे, राज्यशास्त्राची नाही. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, घरी येऊन आईजवळ रडले. पुढं दुसरीकडं लागले पण मधली तीन वर्षं तासिका तत्त्वावर गेली. असिस्टंट प्रोफेसरचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं, ते खरं, पण तिथं पोचेपर्यंत तासिका तत्त्वाचीच वर्षं लागू शकतात आणि देशात चीन विषयाच्या म्हणून ज्या कायम जागा आहेत त्या फारच थोड्या.

तरी मी नको म्हणत नाही, कारण भाषा असली की हात रिकामे राहत नाहीत. बंगळुरूच्या तक्षशिलासारख्या संस्थेत पीपल्स डेली हे चिनी पक्षाचं वर्तमानपत्र रोज वाचून त्यावर लिहितात. पुणे-चाकण-रांजणगावकडं चिनी कंपन्यांचे कारखाने आहेत, तिथं दुभाषे लागतात, माझ्या दोन विद्यार्थिनी तिथं कमावून पीएचडी करतायत. कंपन्यांना कच्चा माल कुठून येतो हे चिनी कागदपत्रांतून शोधून देणारी माणसं लागतात. याउलट चिनी न येता चीनवर पीएचडी झालेल्या माणसाला कुठंच काही मिळत नाही, अशी हुशार पोरं मी बघितलीयेत आणि मला त्यांचं मनापासून वाईट वाटतं.

अजून एक बोलायचंय, ते तू विचारलं नाहीस. या विषयात असशील तर लोक तुला बाजू विचारणार. गलवाननंतर माझ्या सख्ख्या नातेवाइकांनी विचारलं, तू अजून त्यांचंच शिकवतेस का. मी म्हटलं, शेजारी एवढा मोठा आहे आणि त्याच्या घरात काय चाललंय हे वाचू शकणारी माणसं आपल्याकडं इतकी कमी, तर मी सोडून चालणार नाही. दुसऱ्या बाजूला तिथली रेल्वे, ते रस्ते बघून भारावून जाणारेही असतात, चीननं बघा कसं करून दाखवलं. दोन्हींत एक गोष्ट हरवते, तिथली माणसं. शांघायमध्ये 2022 ला कोरोनाच्या निर्बंधांमुळं दोन महिने घरात कोंडलेली, त्याच वर्षी नोव्हेंबरात त्या निर्बंधांविरुद्ध कोरा कागद हातात धरून रस्त्यावर उभी राहिलेली, आणि आता 'थांग फिंग', म्हणजे आडवं पडून राहतो, धावत नाही असं म्हणणारी तुझ्या वयाची पोरं. दरवर्षी एक कोटीच्या वर पोरं तिथं बारावीनंतरची काओखाओ परीक्षा देतात, 2024 ला 1 कोटी 34 लाख. एमपीएससीच्या अभ्यासिकेत बसणाऱ्या तुझ्या मैत्रिणींना त्यांचं दुखणं लगेच कळेल. त्या पोरांकडं शत्रू म्हणूनही नको, आदर्श म्हणूनही नको, माणूस म्हणून बघ आणि सरकारचं मोजमाप कठोरपणे कर.

घरी काय सांगायचं ते. एमपीएससीला सरळ नाही म्हणू नको. राज्यशास्त्राचा अभ्यास दोन्हीकडं लागतोच. वडिलांकडून दोन वर्षं मागून घे, हे फायनल इयर आणि त्यापुढचं एक, आणि सांग की या दोन वर्षांत एचएसकेची चौथी पायरी झाली नाही तर मी तुम्ही म्हणाल ते करीन. असं मुदत घालून मागितलेलं आईवडिलांना समजतं. नायनांनी मला तशीच मुदत दिली होती.

आणि सुरुवात आज रात्रीच करता येईल. वडील कामावरून आले की त्यांना विचार, चीनचा टॉवेल हातात आला तर तुम्ही कशावरून ओळखता. जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला वजन, किती धरतात, सूत कुठलं, लूप कसा, रंग कितव्या धुण्याला जातो, आणि किलोमागं भावात किती फरक पडतो. कारखान्यात चिनी माग आलेत का, त्यांची मॅन्युअल कुणी वाचलीयेत का, पार्ट बिघडला तर कुणाला फोन करतात. मधेमधे तुझं मत घालू नको, ते बोलतील तसं लिहून घे, तेलुगू-कन्नड शब्द आले तर तेही तसेच ठेव. दोन पानं झाली की इथंच टाक, मी वाचून कळवते.